पोरीसाठी जुनं विमान पाहायला गेलो तेव्हा

भाड्याच्या वस्तूचा मला पहिल्यापासून राग. भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला की तो पेरणीजोगी ओल, वाफसा, निघून गेल्यावर येतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. म्हणून डोणगावात आमच्या घरी सगळं आपलं, जुनं का असेना. आणि पोरगी विमान चालवायला शिकायला गेली तर तिथंही भाड्याचंच! शाळेची विमानं मोजकी, शिकणारे ढीगभर. लायसनसाठी हवेत ठरावीक तास भरावेच लागतात, आणि हिचा नंबर आला की फोन, "बाबा, आज विमान उभं केलं. काहीतरी तपासून राह्यले." वर्ष गेलं, तास भरेनात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घेऊनच टाकू एक जुनं.

"येड लागलं काय हो तुम्हाले?" बायको म्हणाली. मी ऐकतो कशाचा! एका जुन्या विमानाचा पत्ता लागला होता. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला गाडीत घातलं आणि निघालो. पोरगी तिकडून परस्पर आली.

विमान पाहिलं आणि मी हबकलोच. एवढंसं! पत्रा अंगठ्यानं दाबला तर दबला. अरे देवा, ह्याच्यात बसून माझी लेक आभाळात जाते? मिस्त्री मात्र खूश. आतलं मीटर पाहून म्हणाला, "भाऊ, हे बी तासावरच आहे, आपल्या ट्रॅक्टरसारखं. लय कमी चाललं." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. विमानाच्या मालकानं इंजिन सुरू करून दाखवलं, बंद केलं. मी पोरीला म्हणालो, "बस, मार एक चक्कर. मले पाहू दे."

ती बसली नाही. आधी सगळीकडून फिरून पाहावं लागते, म्हणाली. शेपटीपाशी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"हे कोणं लावलं?"

शेपटीचा जो भाग हलतो, त्याचा नट सुटू नये म्हणून तिथं पिन असते. त्या पिनेच्या जागी कोणीतरी सळया बांधायची तार पिळून ठेवली होती. मिस्त्रीनं ओढून पाहिली. "पक्की आहे, भाऊ." मीही हात लावला आणि म्हणालो, "चालते बे. आपण नांगराले हेच लावतो."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, शाळेत हे दिसलं असतं तर विमान जाग्यावरून हललं नसतं. याच्यापायीच माझा नंबर जाते. याच्यापायीच तुम्ही फोनवर शिव्या देता."

नटाला ती तार होती आणि मी तिला आत बसवायला निघालो होतो. मी, सख्खा बाप! मालक काहीतरी समजावत होता, ते कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं.

तरी हेका सुटेना. म्हटलं, पिन बरोबर लावून घेऊ, चांगला माणूस ठेवू, पण विमान आपलं असू दे. तुझी वर्षं वाया चालली.

"अन् ज्या दिवशी पुन्हा असं काही दिसन," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मले थांब कोण म्हणन?"

"मी" म्हणायला तोंड उघडलं. पण आत्ताच "चालते बे" म्हणणाराही मीच होतो. मालकाकडे वळून तिनंच नाही म्हणून सांगितलं.