दुपारचा मऊभात

घरात आल्या की पर्स ठेवायच्याही आधी सिस्टर आजींची हनुवटी दोन बोटांनी उचलायच्या. "काय म्हणतेय माझी हबीबी?" आजी साताऱ्याच्या. हबीबी म्हणजे लाडकी, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण हसायच्या.

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटात आजी मुलगा-सुनेबरोबर राहत. दोघं सकाळीच ऑफिसला जात. आजींना विसरण्याचा आजार. दार उघडून खाली जायच्या आणि भेटेल त्याला मंडईची वाट विचारायच्या. म्हणून मिरजेच्या या सिस्टर दिवसभरासाठी ठेवल्या होत्या. जाडजूड, बोलक्या बाई. आजींची नखं कापायच्या, वेणी घालायच्या, मीना बाजारातून गजरा आणायच्या. सख्खी लेक करणार नाही एवढं करायच्या. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्या हाती घर सोपवून माणूस निर्धास्त होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तर त्यांच्यासाठी नंबर लागलेले.

एकदा दुपारी मी पुरणपोळी द्यायला गेले. सिस्टर मऊभातात तूप-मेतकूट कालवत होत्या. चमच्याच्या पाठीनं एक गोळी चुरडून त्यांनी भातात मिसळली.

"कसली हो ही?"

"झोपेची. डॉक्टरनं रात्रीला दिलीय, मी दुपारी पण देते. खाली गाडीबिडी लागली म्हणजे?"

"आजींना विचारलंत?"

"त्यांना विचारलं तर त्या नाहीच म्हणणार ना, वहिनी!" आणि त्या मनापासून हसल्या.

संध्याकाळी मी आजींच्या मुलाला गाठलं. बूट काढता काढता तो म्हणाला, "माहितीये, ताई. आईसाठी रोज रोज हाफ डे टाकला तर जॉब जाईल माझा. आई शांत आहे ना? खलास." मी चांगलीच ओरडले त्याच्यावर. त्यानं दार लावून घेतलं.

पुढे आजी दिवसभर पेंगायला लागल्या. पण उपाशीपोटी कुणाला झोपू द्यायचं नाही, हा सिस्टरांचा नियम. आपल्याकडे कुठल्या घरात नाही? आजींची मान कलली तरी गाल थोपटून त्या भरवायच्या. "एवढा एकच, काऊचा." एका दुपारी तो काऊचा घास श्वासनलिकेत गेला. न्यूमोनिया झाला आणि आजी हॉस्पिटलमधून परत आल्या नाहीत. गुंगीतल्या माणसाला भरवायचं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

सिस्टर सगळ्यांत जास्त रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "एक बरं झालं, वहिनी. उपाशी नाही गेल्या." मी हात सोडवून घेतला. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

भेटायला तिसऱ्या मजल्यावरची बाई आली होती. तिचे सासरे नुकतेच नाशिकहून आलेले. दिवसभर बायकोच्या नावानं हाका मारायचे, त्या पार जिन्यात ऐकू यायच्या. निघताना तिनं आजींच्या सुनेला बाजूला घेतलं. "त्या सिस्टर आता मोकळ्या असतील ना?"

सुनेनं डोळे पुसले आणि नंबर शोधायला फोन हातात घेतला.

मला राहवलं नाही. "अहो, त्या झोपेची गोळी देतात!"

"ठाऊक आहे," ती बाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात जिन्यातल्या हाका बंद झाल्या.