न फोडता

कळव्याला खाडीच्या पुलाजवळ एक कोळीण चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नांग्या सुतळीने बांधलेली चिंबोरी ती उलटी करायची, पोटावर अंगठा दाबायची, तळहातावर तोलायची आणि सांगायची, "भरलेली," नाहीतर "पोकल." आतलं मांस न बघता हिला कसं कळतं, याचं मला कायम कुतूहल.

नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा माझ्या लिव्हरमध्ये गाठ सापडली. स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच आहे. लिव्हर बदलायला हवं."

"आधी सुईने तुकडा काढून तपासा की!"

"सुईच्या वाटेने गाठ पसरू शकते. मग बदलूनही उपयोग नाही."

नुसत्या फोटोवर अख्खं लिव्हर काढणार? मी चिडून निघून आलो.

त्या रविवारी राग कोळिणीवर निघाला. "मावशी, एक फोडून दाखव. मग मानतो."

"फोडल्यावर कोनालापन कलंल," ती म्हणाली. "पन फोडली का पानी गलतं तिचं. मंग ती कामाची नाय."

"आणि तू चुकलीस तर?"

तिने हातातली चिंबोरी पुन्हा एकदा तोलली. "चुकते ना. कदी कदी चुकते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांनी माझा स्कॅन पुन्हा उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला.

"चुकतो," ते म्हणाले. "क्वचित."

मी सहीसाठी पेन मागितलं.