मीठ घेऊन आलेली मावशी

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. मानसोपचाराच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी अख्खी नोकरी गेली. आमच्याकडे पेशंट येतो तोच मुळी दर्गा, देवऋषी, उतारा सगळं उरकून. दंडाला ताईत, गळ्यात काळा दोरा, आणि मग "सिस्टर, बघा ना काही होतंय का." कुणाला कानात आवाज येतात, कुणाला भिंतीतून माणसं दिसतात. मला कधी भीती वाटली नाही. ज्याला त्याला त्याची गोळी द्यायची, पाणी द्यायचं, आणि म्हणायचं, "आ कर… जीभ वर… दाखव." कारण गोळी गालात दाबून ठेवणारे आमच्याकडे एकापेक्षा एक उस्ताद.

तर मी, नांदेडच्या मोहल्ल्यात वाढलेली, लग्न होऊन लातूरला आलेली, आज हे लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आधी कौसल्यामावशी सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. भूकंपात मावशीचं सगळं गेलं. नवरा, दोन पोरं, घर. ती स्वतः ढिगाऱ्याखाली होती. काढताना कुणीतरी ओढली तेव्हा कानातलं अडकून डाव्या कानाची पाळी फाटली, ती तशीच राहिली. नंतर तिला झटके यायला लागले. महिना-महिना झोप नाही, बडबड, जिथं दिसेल तिथं जमीन उकरायची… आणि मग एकदम गप्प. आमच्या डॉक्टर सरांनी तिला लिथियमची गोळी चालू केली, आणि खरं सांगते, बाई सावरली. त्या गोळीनं हात थरथरायचे, तहान लागायची, वजन वाढलं. ती कुरकुरायची, पण घ्यायची.

लिथियमची एक गोम आहे. अंगातलं मीठ आणि पाणी कमी झालं की गोळी तेवढीच घेतली तरी ती रक्तात साचत जाते. मग उलट्या, जुलाब, हात जोरजोरात कापणं, चालताना झोकांड्या, जीभ जड. वेळेत नाही आणलं तर माणूस जातो. एका उन्हाळ्यात जुलाब लागून मावशीचं असंच झालं होतं, आम्ही जेमतेम वाचवली. तेव्हापासून ती कमरेच्या पिशवीत खडेमिठाची पुडी घेऊन फिरायची. ओपीडीच्या बाकावर बसून येईल त्याला दम द्यायची, "मीठ सोडू नगं गं बाय. पानी पी. लई वंगाळ असतंय ते." आणि मला म्हणायची नांदेडकरीण. अख्ख्या लातुरात मला या नावानं हाक मारणारी ती एकटी. "काय गं नांदेडकरणी, आज तोंड का पाडलंस?" असं.

मावशी हृदयविकारानं गेली. दिवसाढवळ्या, आमच्याच वॉर्डात, माझ्यासमोर. डोळे मी मिटले तिचे.

त्यानंतर वर्षभरानं ऋतुजा आली. जळकोटकडची पोर, मेडिकलच्या क्लासेससाठी लातूरला. आता आमच्या गावात घरटी एक खोली क्लासच्या पोरांना दिलेली आहे आणि प्रत्येक खोलीत एक आई येऊन स्वयंपाक करतेय. ऋतुजाची आई सुनीता तशीच, नवरा-सासू गावाकडं, ही पोरीसोबत इथं. पोरीनं झोप सोडली, भिंतीवर फॉर्म्युले लिहायला लागली, मी पहिली येणार म्हणून रस्त्यावर ओरडायला लागली, तेव्हा तिला आणलं. महिनाभर ठेवली. लिथियमवर शांत झाली. हसायला लागली, पुस्तक उघडायला लागली.

सुनीता आणि मी… कसं सांगू. बहीण झाली होती ती माझी. "आपा, आपा" करत मागं-मागं. ईदला माझ्या घरी येऊन शीरखुर्मा खाल्ला, वर डबा भरून पोरीला नेला. डिस्चार्जच्या दिवशी मी तिला समोर बसवून सगळं पढवलं. मीठ नेहमीसारखं, कमी नाही, जास्त नाही. पाणी भरपूर. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. उपास तर अजिबात नाही. हात जास्त कापले, उलटी झाली, पोर झोकांड्या द्यायला लागली की गोळी थांबवायची आणि तडक यायचं. तिनं माझा हात घट्ट धरला.

"लेकराची शपथ आपा. तुमच्या शब्दाभाईर न्हाई जाणार."

मी रोज नाही, पण एक-दोन दिवसाआड फोन करायचे. "मीठ देतेस ना गं?" "हाव आपा, देती की. तुम्ही तर माझ्या सासूच्या वर झाल्या!" हसायची. मीही हसायचे. वेडी मी!

परीक्षा जवळ आली तसा उन्हाळा तापला. एका दुपारी मी इंजेक्शन रूममध्ये होते तर बाहेर गलका. रिक्षातून ऋतुजाला उतरवत होते. पोरीला उभं राहता येत नव्हतं. हात असे कापत होते की तिचा ओढणीचा पदरही तिला धरवेना. ओकारी सुटलेली, बोलणं अडखळलेलं. मी धावत जाऊन तिला धरलं.

"सुनीता, काय खाल्लंय हिनं? मीठ बंद केलं होतंस का?"

"न्हाई हो आपा! रोजच्यावाणी देऊन राहिले."

सरांना उन्हाचा त्रास वाटला. मार्च-एप्रिलच्या लातुरात तसं वाटणारच. आणि तेवढ्यात सुनीता माझ्यावरच उखडली.

"पण तुम्ही असं माणूस पाठवायला नको होतं! पाळत ठेवता का आमच्यावर?"

"कुणाला पाठवलं मी?"

"त्या म्हातारीला! दार वाजवलं, सरळ आत आली. म्हणती, दवाखान्यातल्या सिस्टरनं, नांदेडकरणीनं धाडलंय. पोरीच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला अन् मला म्हणती, लेकराला अळणी का घालून राहिलीस, आत्ताच्या आत्ता ने. मी रिक्षा बघायला भाईर गेले, तवर ती गेली पण. अन् आपा, अळणीचं मी कुणाला बोलले नव्हते. पोरीच्या बापाला सुदिक न्हाई. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी तिचा दंड धरला. "कशी होती म्हातारी?"

"काळीसावळी, जाडसर. हात लटलट कापत होते. डावा कान फाटका."

मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या आणि दोन्ही पचेनात. पण आधी पोर. मी सरांना ओरडून सांगितलं, "सर, अळणी चालू होतं, लिथियम चढलंय!" सरांनी लगेच रक्त पाठवलं, सलाइन लावलं, किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं. रिपोर्ट आला, रक्तात लिथियम हवं त्याच्या दुपटीच्या वर. अजून थोडा वेळ गेला असता तर पोर हातची गेली असती, असं सर स्वतः म्हणाले.

संध्याकाळी सुनीतानं रडत सांगितलं, नवस होता तो. पोरीला सीट मिळू दे, परीक्षा होईपर्यंत पोर बिनमिठाचं खाईल, असा. गावाकडच्या बायकांनी डोक्यात भरवलं आणि हिनं भाकरी अळणी, वरण अळणी, सगळं अळणी सुरू केलं. मला का नाही सांगितलं? "तुम्ही वरडला असता." अगं बाई, ओरडले असते म्हणूनच तर सांगायचं ना! फोनवर दरवेळी "हाव आपा" म्हणत होती, आणि समोर पोर हळूहळू कापायला लागलेली बघत होती. तिला वाटलं, परीक्षेची भीती असेल.

इथवर मी माफ केलं असतं. आईचं काळीज आहे, चुकतं. पण दुसऱ्या दिवशी जळकोटहून नवरा आणि सासू आले. सासूनं वॉर्डात उभं राहून विचारलं, "आमच्या पोरीला हे झालं कसं?" आणि सुनीता… माझी बहीण… माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "सिस्टरनं सांगितलं तेवढ्याच गोळ्या दिल्या मी. त्यांचीच काहीतरी चूक."

मी म्हटलं, "सुनीता, आणि अळणी?"

"कशाचं अळणी? मी कशाला पोरीला अळणी घालीन?"

"आणि ती म्हातारी?"

"कोण म्हातारी? आमच्याकडं कुणी आलं न्हाई."

नवरा आवाज चढवून बोलला, मॅनेजमेंटनं मला लेखी खुलासा मागितला. सर माझ्या बाजूनं उभे राहिले म्हणून नोकरी राहिली. पण गल्लीत, क्लासवाल्या आयांमध्ये झालं ते झालंच, "त्या सिस्टरनं पोरीला विष चढवलं." माझ्या घरचं मीठ खाऊन गेलेली बाई! मी घरी जाऊन आधी तो शीरखुर्म्याचा परत आलेला डबा फेकला. मग खूप रडले.

आणि खरं सांगू? त्या सगळ्यात एक राग मला मावशीचाही आला. ओपीडी रिकामी झाल्यावर मी तिच्या बाकासमोर उभी राहून बोलले, हो, मोठ्यानं बोलले. "इतकी वर्षं तुझं मी केलं. डोळे मी मिटले तुझे. आणि तू गेलीस कुणाकडं? माझ्याकडं एकदा आली असतीस तर मी स्वतः धावले असते ना गं!"

मी पुष्कळ डोकं चालवलं. फाटक्या कानाच्या म्हाताऱ्या आमच्या भागात आणखीही असतील. पण हात कापणारी, मीठ बाळगणारी, आणि नांदेडकरीण म्हणणारी? सुनीताला माझं माहेर कुठलं हेही माहीत नव्हतं. मावशी तर ती लातूरला यायच्या आधीच गेलेली. आणि अळणीचं कुणाला ठाऊक असणार? जी एकटी साक्षीदार होती तिनंच सगळं खाल्लं, पचवलं. कधीकधी मलाच वाटायचं, सुनीता बोललीच नसेल, मीच ऐकलं. आवाज ऐकणाऱ्यांना गोळी देणारी मी… माझीच मला भीती वाटली.

ऋतुजाला सुट्टी झाली त्या दिवशी सुनीता माझ्याकडं न बघता सामान उचलून पुढं गेली. पोर मागं होती. मी तिच्या नवीन गोळ्या समजावून देत होते, कडक आवाजात, कारण मन नाहीच लागत होतं. तिनं पाकीट घेतलं, दाराकडं बघितलं, आई लांब आहे हे बघितलं.

"सिस्टर, त्या आजी भेटल्या तर सांगा, मी मीठ खातेय."

मी विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या तुला?"

"काही नाही. मला म्हणाल्या, आ कर, जीभ वर कर. खडा ठेवला. मग म्हणाल्या, नांदेडकरणीवर रागावू नको, तिला अळणीचं कुणी सांगितलंच नाही."

सुनीता माझा फोन उचलत नाही, आणि आता मीही करत नाही. मावशीच्या बाकावर नवीन पेशंट बसलेले असतात. त्यांना मीठ सोडू नका म्हणून दम द्यायचं काम आता मीच करते.