लांब अंथरलेली घोंगडी

ताईने एकच पिशवी आणली होती, तीही हातात मावणारी. एस.टी.तून ती उतरली तेव्हा तिचं तोंड पाहायचं सोडून मी आधी ती पिशवी पाहिली. सातवा लागलेली बाई माहेरी राहायला येते तेव्हा ट्रंक आणते. दाजी तिला आजच परत न्यायचं ठरवून आले होते, हे उघड होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची, शेवगावकडच्या आमच्या गावातली ही गोष्ट. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. ताईच्या लग्नात तिच्या चुलतसासऱ्यांना पंगतीत जिलबीचा आग्रह कुणी केला नाही, एवढ्यावरून दीड वर्ष तिला माहेर बंद होतं. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. पहिलं बाळंतपण तरी माहेरी व्हावं म्हणून आईचा जीव तुटत होता, पण तसं तोंडावर विचारायची सोय नव्हती. ताईला हुरड्याचे डोहाळे लागलेत असं कळलं आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, जावयाला हुरड्याचं आवतन धाडलं. खाता खाता गोष्ट काढायची, असा बेत.

आबांनी बांधालगत आगटी खणून गोवऱ्या पेटवल्या. जोंधळा नेमका हुरड्यात आला होता. चार दिवस आधी नुसतं दूध, चार दिवसांनी दगड. मी निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की ओढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे पळसाच्या पानावर घालून दाजींपुढे ठेवायची. त्यांना धूर लागू नये म्हणून घोंगडी दहा पावलं लांब अंथरली होती. तिथे ते एकटे, आणि आम्ही सगळे आगटीभोवती. आईने मला सकाळीच बजावलं होतं, "आज तोंडाला कुलूप. थट्टा न्हाई, मस्करी न्हाई." जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि आमचा तर वक्री.

"घ्या पाव्हणं, दही घ्या," आबा म्हणायचे.

"बास."

"गूळ तरी घ्या, पाव्हणं."

"बास झालं."

ऊन वर चढत होतं. बाराची गाडी होती. आबा खाकरायचे, मूळ गोष्टीपर्यंत यायचे आणि पावसापाण्यावर घसरायचे. आई चटणीचं भांडं उगाच इकडचं तिकडे करत होती. ताई मान खाली घालून एकेक दाणा तोंडात टाकत होती. ज्या हुरड्यासाठी जीव टाकला तोच पानावर तसाच पडून होता. मला ते बघवेना. माझे तळहात तापले होते आणि डोकं त्याहून.

दाजींनी घड्याळ पाहिलं. "निगाया पायजे," म्हणाले. ताईने पिशवी उचलली.

माझं कुलूप तुटलं. एक कणीस निखाऱ्यातून ओढलं आणि सरळ घोंगडीवर फेकलं. "दाजी, माझे हात भाजले. आता तुमच्या हातानं चोळून खावा!"

"अगं भवाने!" आई ओरडली. आबांचं तोंड उतरलं. ताईचं माहेर आपण कायमचं बुडवलं असं मला वाटलं आणि खरं सांगते, मी घाबरले.

दाजींनी कणीस उचललं. चटका बसला तसे ते या हातातून त्या हातात उडवत उठले आणि आगटीपाशी येऊन उकिडवे बसले. चोळायला काही जमेना. फुंकर मारली ती अशी की सगळी राख आबांच्या मिशीवर. पहिली हसली ती ताई.

"दीड वर्सात पैल्यांदा ह्या घरानं मला कामाला लावलं," दाजी हात झटकत म्हणाले. "न्हाईतर नुस्तं पाव्हणं, पाव्हणं. घरच्याला कुनी असं लांब बशिवतं व्हय?"

बाराची गाडी गेली. दाजींनी ताईसाठी स्वतः कणसं भाजली, निम्मी करपवली, आणि तिने ती करपलेलीसुद्धा खाल्ली. तीनच्या गाडीला ते निघाले तशी तिचा हात पुन्हा पिशवीकडे गेला. दाजींनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे दिली.

"ही घरात ठिव. हिची पातळं पुढच्या आयतवारी घिऊन येतो. तवर तुजी दे."

"बरं, पाव्ह..." आबांनी जीभ चावली.

घरी येऊन मी पिशवी उघडली. ताईचं स्वतःचं एकही पातळ त्यात नव्हतं. जुन्या धोतराची फाडून, शिवून, घड्या घातलेली लंगोटं होती, बाळाची. सकाळपासून ती एका शब्दाने काही बोलली नव्हती.