मामांच्या फूलप्रूफ पद्धती

खात्री नावाच्या गोष्टीचा मक्ता देवानं सातारा-सांगली भागात फक्त माझ्या बायकोच्या विट्याच्या मामांना दिलेला आहे. उभी हयात त्यांनी परमुलखात सोनं गाळण्याच्या दुकानात काढली. कसाला लावल्याशिवाय त्यांनी कुणाच्या सोन्यावर विश्वास ठेवला नाही, आणि म्हातारपणी गावी परतल्यावर तीच नजर त्यांनी संसाराकडे वळवली. गिऱ्हाइकांकडून उचललेली इंग्रजी या कामी आली. एखादा उपाय एकदा लागू पडला की तो 'टेस्टेड'. वर्षभर टिकला की 'टाइम-टेस्टेड' अशी बढती. आणि मामींनी विरोध करूनही चालला, तर 'फूलप्रूफ'. कांदा चिरताना दातात काडी धरणं टेस्टेड, रुसलेली मोपेड डावीकडे लवंडून सुरू करणं टाइम-टेस्टेड. एका लग्नाच्या पंगतीत माझी उचकी त्यांनी फूलप्रूफ पद्धतीनं घालवली. मला कमरेत वाकवून पेल्याच्या पलीकडच्या काठानं पाणी पाजलं. पाणी नाकात गेलं, शर्ट भिजला, जिलेबी शेजारच्या पानात गेली. मी कुरकुर केल्यावर शांतपणे म्हणाले, “जावईबापू, उचकी ऱ्हायली का? न्हाई न्हवं? मग झालं.” मामी पदराआड हसत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात याच मामी टायफॉइडनं पडल्या. ताप उतरला, पण तोंडाची गेलेली चव परतेना. अन्नाकडे बघवेना. पोटात काही गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांनी आल्याचा रस, लिंबाचं लोणचं, मेतकूट-भात असे सगळे उपाय बढतीच्या क्रमानं लावून पाहिले. मामींनी तोंड फिरवलं. आम्ही सांगलीहून भेटायला गेलो तेव्हा मामा आयुष्यात पहिल्यांदाच चुलीपुढे उभे राहून पिठलं ढवळत होते. बुडाला लागल्याचा वास अंगणापर्यंत येत होता आणि गुठळ्या तर वेगळ्या वाढता आल्या असत्या. मामींनी कसाबसा एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आवं, ह्यात मीठच न्हाई.”

मामा मीठ आणायला पळाले. चव कळली होती. त्या दिवशी मामींनी अर्धी वाटी संपवली.

आता मामी हिंडत्याफिरत्या झाल्यात, पण त्यांचं सकाळचं पिठलं अजून मामाच करतात. परवा मी चेष्टेनं विचारलं, एव्हाना ही पद्धत फूलप्रूफ झाली असेल ना? मामा वाटीत वाढायचे थांबले. हलक्या आवाजात म्हणाले,

“न्हाई, जावईबापू. ती पयला घास घेईस्तवर मला रोज भ्या वाटतं.”