परत दिलेला नारळ

माझे बाबा हाडं बसवतात. ते डॉक्टर नाहीत आणि वैद्य म्हटलेलंही त्यांना आवडत नाही. आठ एकर शेत आणि वडिलांकडून आलेला हाताचा गुण, एवढंच त्यांचं भांडवल. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, नाल्यात घसरलेला बैल, सगळे आमच्या ओसरीवर येतात. पैसा घ्यायचा नाही, नारळ तेवढा घ्यायचा. गरज सरो वैद्य मरो ही म्हण आमच्याच ओसरीवर जन्मली असावी, कारण बरा झालेला माणूस पुढं बाजारात भेटला तर रामराम करायचंही विसरतो.

नारळाचा मात्र एक नियम आहे. बाबा आधी पाय बघतात. मग नारळ कोनाड्यात ठेवला तर समजायचं, बरं होणार. तोच नारळ त्या माणसाच्या ओंजळीत परत ठेवला तर समजायचं, हे माझ्या हातचं नाही, पाय टेकवू नको, मोठ्या दवाखान्यात जा. दुखणेकऱ्याच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही, बोललेलं खरं होतं, असं आजोबांनी त्यांना बजावलं होतं. परत आलेला नारळ कुणी फोडत नाही, घरातही ठेवत नाही, वाहत्या पाण्यात सोडून देतात. मालेगावपासून किन्हीराजापर्यंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भरदार मिशांचे गडी तो नारळ हातात घेऊन पडल्या चेहऱ्यानं ओसरीच्या पायऱ्या उतरताना मी लहानपणापासून पाहत आले.

ज्याला हे ठाऊक नव्हतं असा एकच माणूस आमच्या ओसरीवर आला, आणि तो पोर्तुगालचा होता.

आमचं मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, वाशीमचं. इथं पोर्तुगालचा माणूस यायचं काही कारण नाही. पण बसस्टँडजवळच्या कापडदुकानाचे सेठ फुटबॉलपायी वेडे. कापड मोजता मोजता गोल झाला की मीटर विसरणारा माणूस. दरवर्षी जानेवारीत ते स्पर्धा भरवतात आणि स्वतःचा संघ उतरवतात. शेजारच्या तालुक्याच्या संघानं आदल्या वर्षी दोन परदेशी खेळाडू आणून यांना हरवलं होतं. ते सेठच्या जिव्हारी लागलं. गोव्यातल्या कुणा दलालाशी बोलणं झालं आणि एका सकाळी अकोल्याच्या बसमधून तो उतरला. सहा फुटांचा, डोक्यावर विरळ केस, पाठीवर एक पिशवी. पायरी उतरताना त्यानं दांडा धरून डावा पाय आधी टाकला, मग उजवा. मी कॉलेजला जायला तिथंच उभी होते. माझ्या डोळ्यांना सवयच आहे, बाबांमुळे.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारून गाव आता थकलं आहे. त्यामुळे सेठ घरी आले आणि म्हणाले, म्याडम, याचं बोलणं आम्हाला समजावून सांगा, तेव्हा हो म्हणायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वीस वर्षं मी इंग्रजी शिकवत होते आणि एकाही परदेशी माणसाशी बोलले नव्हते.

गावानं त्याचं नाव पोर्तुगाल ठेवलं. 'पोर्तुगालनं चहा घेतला का', 'पोर्तुगाल झोपला का'. जो येई तो त्याला एकच विचारी, तुमच्या देशातला तो जगप्रसिद्ध खेळाडू तुमच्या ओळखीचा आहे का. तो न कंटाळता सांगायचा की लहानपणी एकदा फोटोसाठी त्याच्या शेजारी उभा राहिलो होतो. मग लोक याच्याशी हात मिळवून घेत. उष्टं पुण्य म्हणतात ते हेच.

त्याची सगळी कारकीर्द मी फोनवर वाचली होती. एकाखाली एक देश आणि समोर वर्षं. आपल्या गावाजवळच्या संघात चार वर्षं, मग सायप्रसमध्ये तीन, रुमानियात दोन, अंगोलात एक, कुवेतमध्ये आठ महिने, गोव्यात चार. वरून खाली वाचत गेलं की मुक्काम आखूड होत जातात. गोलांचे आकडेही तसेच. मला ते वाचून बरं वाटलं नाही, आणि त्याच्यापाशी मी कधी त्याबद्दल बोलले नाही.

तोच एकदा बोलला. सेठच्या घराच्या गच्चीवर तुरीच्या शेंगा खात बसला होता. दहा दिवसांनी मलेशियात एका क्लबच्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं होतं. तपासणीत पास झालो तर एक वर्षाचा करार, शेवटचा. नाही झालो तर भावाच्या मासेमारीच्या बोटीवर. समुद्राची मला लहानपणापासून भीती वाटते, म्हणून तर मी फुटबॉल खेळायला लागलो, असं तो म्हणाला आणि हसला. बोलताना त्याचा हात सारखा डाव्या गुडघ्यावर फिरत होता.

उपांत्य सामन्यात त्यानं दोन गोल केले आणि गाव वेडं झालं. पण मैदानाची लक्षणं मला ठीक वाटत नव्हती. आमची जमीन काळी. पाणी आटलं की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेठनं भेगांत मुरूम भरून वर रोलर फिरवला होता. वरून सपाट, आतून पोकळ. बाबा रस्त्यानं जाताना मैदान पाहून म्हणाले होते, काळ्या मातीचा भरोसा धरू नये. सामना संपला तेव्हा त्याचा गुडघा सुजून कलिंगडासारखा झाला होता. रविवारी अंतिम सामना आणि हा शुक्रवार.

सेठ त्याला मोटारसायकलवर बसवून आमच्याकडे घेऊन आले. रीतीप्रमाणे त्याच्या हातात नारळ दिलेला होता.

बाबांनी त्याला पाटावर बसवलं. गुडघा दाबून पाहिला, मग पाय दुमडून दोन्ही हातांनी नडगी पुढं ओढली. ती सरकली. जेवढी सरकायला नको तेवढी सरकली, मला लांबून दिसलं. एरवी या वेळेला बाबा मला हाक मारतात, तेल आण म्हणून. मी वाटी हातात घेऊन उभीच होते. त्यांनी हाक मारली नाही. थोडा वेळ त्यांनी त्याचा पाय नुसता धरून ठेवला, नवजात वासराचा धरतात तसा. मग पायाशी ठेवलेला नारळ उचलला आणि त्याच्या ओंजळीत परत ठेवला.

"सांग त्याले, माय," एवढं म्हणून ते हात धुवायला मागं गेले.

सेठचा चेहरा पांढरा पडला. पण त्या माणसाची दानत अशी की त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "म्याडम, तुमीच सांगा," ते म्हणाले. "माह्या जिभेवर नाही येऊन राह्यलं."

तो माझ्याकडे बघत होता. दोन्ही हातांत नारळ, चेहऱ्यावर हसू. म्हाताऱ्यानं आपल्याला भेट दिली म्हणून लहान मुलासारखा खूश. हे मला का, त्यानं विचारलं.

सांगायला काय हवं होतं? चार वाक्यं. पण ती चार वाक्यं मी मनात इंग्रजीत जुळवून पाहिली आणि मला लाज वाटली. माझे वडील अंगठ्यानं रोग ओळखतात आणि नारळ परत देऊन निकाल सांगतात, हे मी या माणसाला सांगू? पाच देशांचे डॉक्टर बघून आलेल्या माणसाला? गेले दहा दिवस तो मला प्रोफेसर म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत मी एकदम खेडवळ झाले असते. ही माझी अक्कल. नारळाचं राहू दे, आतली शीर तुटत आली आहे, खेळू नको, एवढं तरी सांगता आलं असतं. तेही सुचलं नाही. की सुचलं होतं आणि रविवारचा सामना मलाही बघायचाच होता?

मी म्हटलं, बाबांचा आशीर्वाद आहे.

त्यानं नारळ कपाळाला लावला. हे आमच्याकडचं कुणीतरी त्याला शिकवलं असावं.

दारात सेठनं विचारलं, सांगितलं का. मी म्हटलं, सांगितलं. मग, काय म्हणतो? खेळतो म्हणतो. सेठच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. माझ्याही चेहऱ्यावर तीच असणार.

रविवारी दुपारी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. आसेगावहून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. बाबा आले नाहीत. ज्याला नारळ परत दिला त्याच्या मागं जायचं नाही, हीही त्यांची रीत. सामना सुरू होण्याआधी आमच्याकडे मैदानात नारळ फोडतात. एकानं थाळीत नारळ आणला, तर पोर्तुगालनं हातानं नको म्हटलं आणि पिशवीतून स्वतःचा काढला. माइकवाला म्हणाला, पोर्तुगालच्याच हस्ते होऊ द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओळखला तो नारळ. सेठनंही ओळखला असावा. ते एक पाऊल पुढं आले आणि थांबले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगोळीकडे बघत राहिले. अजूनही वेळ होता. मी जागची हलले असते तरी पुरे होतं. त्यानं नारळ दगडावर आपटला. एका फटक्यात दोन सरळ वाट्या झाल्या. शुभ शुभ म्हणून लोक ओरडले, आणि त्यानं त्यातली एक वाटी परत पिशवीत टाकली.

विसाव्या मिनिटाला तो पडला. कुणी धक्का दिला नाही, कुणी आडवं आलं नाही. चेंडू डाव्या बाजूला होता, तो वळला, भरलेला मुरूम पायाखाली खचला आणि वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. मी कडेच्या रांगेत होते, तिथपर्यंत तो ऐकू आला. तो ओरडला नाही. पालथा पडून मातीवर हात आपटत राहिला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातला हाडं बांधून ठेवणारा दोर आधीच अर्धा गेलेला होता. महिनाभर विश्रांती मिळाली असती तर उरलेला अर्धा टिकला असता कदाचित. ते इंग्रजीत बोलत होते, म्हणून या वेळी मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो छताकडे बघत ऐकत होता. मग मला म्हणाला, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

घरी आले तर बाबा ओसरीवर वाट बघत होते. "तू सांगितलं होतं ना त्याले?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्यानं ऐकलं नाही."

एक खोटं पचलं की दुसऱ्याला जागा होते. बाबांनी मान हलवली. आणि त्या दिवसापासून जो कोणी पाय घेऊन येई आणि कुरकुर करी, त्याला बाबा ती गोष्ट सांगू लागले. एक गोरा आला होता, धिप्पाड गडी, त्याले नारळ वापस देल्ला, पोरीनं त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, पन ऐकलं नाही. पाहा मंग काय झालं. लोक च्-च् करायचे, त्या माणसाच्या हट्टाला नावं ठेवायचे. मी आत स्वयंपाकघरात पोळ्या लाटत हे दोन वर्षं ऐकलं. त्या कारकिर्दीच्या यादीत गोव्याखाली पुन्हा काही आलं नाही. मी अधूनमधून बघत असे.

गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला. आता भावाच्या बोटीवर जातो, पाय थंडीत दुखतो, समुद्राची भीती काही गेली नाही. सोबत फोटो होता. खिडकीत करवंटीची अर्धी वाटी आणि तिच्यात किल्ल्या. खाली लिहिलं होतं, बाबांचा आशीर्वाद रोज हाताशी असतो, तो नसता तर पायच गेला असता.

बाबा मागं केव्हा येऊन उभे राहिले मला कळलं नाही. "पोर्तुगाल हाये का? काय म्हनते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नमस्कार सांगतो. त्यांनी फोन हातात घेतला आणि लांब धरून बघितला. बाबांना इंग्रजी येत नाही, पण करवंटी कळायला इंग्रजी लागत नाही.

"हा आपल्या इथलाच नारळ," ते म्हणाले.  मग त्यांनी फोटोतल्या वाटीवरून अंगठा फिरवला.

"ज्याले सांगितलं असते ना माय, तो हे घरात ठेवत नाही."

एवढंच. रागावले नाहीत. फोन माझ्या हातात दिला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. त्या दिवशी ते नेहमीसारखे जेवले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हीराजाचा एक माणूस आला. घोटा सुजलेला, पण हरभरा उभा आहे, घरी बसून कसं चालेल म्हणून कुरकुरत होता. बाबांनी सवयीनं सुरुवात केली, "एक गोरा आला होता आपल्या इथं," आणि मधेच थांबले. त्यांनी मला हाक मारली. मी तेलाची वाटी घेऊन बाहेर गेले. त्यांनी वाटी घेतली, बाजूला ठेवली, आणि त्या माणसाला म्हणाले,

"पुढचं माही पोरगी सांगन."