कस्तुराबाईंचं सोवळं

कानडी मुलखात, चिकपेटच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावरच्या माडीत राहणाऱ्या कस्तुराबाईंनी चाळीस वर्षं नवरात्रात सोवळ्याने देवीचा नैवेद्य रांधला होता. चौसष्टाव्या वर्षी मात्र नळाचं पाणी वाजलं की लघवी निसटू लागली, आणि सून सुचेताने स्वयंपाकघर आपल्याकडे घेतलं. तोंडाने कुणी काही बोललं नाही. कस्तुराबाईंच्या पाटावर फक्त मेणकापड आलं आणि नातवंडं नाकाला रुमाल लावू लागली. भारीच समजूतदार माणसं!

नैवेद्य पुन्हा आपल्या हातात यावा, एवढ्यासाठी त्या एकट्याच डॉक्टर श्यामलांकडे गेल्या. डॉक्टर बेळगावकडच्या, फोड करून सांगणाऱ्या.

"अक्का, पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन आटतं. मूत्रमार्गाच्या, लघवीच्या पिशवीच्या तोंडाच्या अस्तरातल्या पेशींना तेच पोसतं. ते मिळेनासं झालं की पेशींचे थर झिजून पातळ होतात, जरा कशाने चुरचुरतात. हे मलम आतून लावा. थर पुन्हा चढतील. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण स्वल्प धीर धरा."

तीन महिन्यांत गुण आला. कस्तुराबाईंनी मेणकापड धुऊन, घडी घालून फळीवर ठेवलं. आनंदाच्या भरात त्यांनी सुनेला सगळं सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

"म्हणजे पाळीचंच औषध की हे!" सुचेता म्हणाली. "मग तुम्हाला रोजचाच विटाळ, अत्ते. देवीला कसं चालेल?"

"अगं, याने पाळी येत नाही."

"अंगात तेच भिनतंय ना?"

मुलगा श्रीकांतने पेपरातून डोकं वर काढलं नाही. "सरी, ठीक आहे, आई. ती म्हणते तसं कर."

दोघंही बी. कॉम. घटस्थापनेला महिना असताना कस्तुराबाईंनी मलमाची नळी मोरीत पिळून टाकली आणि स्वयंपाकघर परत मिळवलं. पेशींनी जमेल तेवढे दिवस तग धरला. घरातल्यांपेक्षा त्यांनाच म्हातारीची जास्त कणव होती.

अष्टमीला त्या सोवळं नेसून पुरण वाटत होत्या. मोरीत सुचेताने नळ सोडला. कस्तुराबाईंनी मांड्या आवळल्या, देवीचं नाव घेतलं. ओल पाटाखालून पुरणाच्या पातेल्यापर्यंत गेली.

सुचेताने ते पुरण गाईलाही घालू दिलं नाही, त्यांच्यादेखत गटारात ओतलं. मग फळीवरचं मेणकापड काढून पाटावर नीट पसरलं.

"बसा, अत्ते," ती म्हणाली.

कस्तुराबाई बसल्या.